पंप बंद होता

बोस, क्वेबेक
मंगळवार, ११ मार्च

प्रिय अनिक,

आज सकाळी उणे सात होतं. दहानंतर वितळायला लागलं तेव्हा पंप सुरू केला. व्हॅक्यूमचा काटा सव्वीस इंचांवर जाऊन थांबला, पण टॅबवर नळ्यांच्या दोन लाईनी मागे राहिलेल्या दिसल्या, म्हणून बर्फात चालायचे जाळीचे जोडे पायांत चढवून वर गेलो. एका ठिकाणी खारीनं नळी कुरतडली होती. दुसरीकडे बर्चची फांदी पडून सांधा निखळला होता. दोन्ही नीट केलं. जेवायला वाटाण्याचं सूप आणि पाव होता. मेपलच्या पाण्याची टाकी निम्मी भरली आहे, पाक आटवायला भट्टी उद्या पेटवीन. चारच्या सुमाराला पुन्हा गोठायला लागलं, तेव्हा पंप बंद करून घरी आलो. आता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहितोय.

तुला माहीतच आहे, पत्रं लिहिणं हे माझं काम नव्हतं. नाताळची कार्डं तुझी आई लिहायची आणि मी खाली सही करायचो, तीही तिनं बोट ठेवलेल्या जागी. फोनवर मला सुचत नाही. तू फोन करतेस, मी सांगतो इकडे बर्फ पडतोय, तू सांगतेस गातिनोला पाऊस आहे, मग तुझ्या छोटीचा खोकला कसा आहे ते होतं, आणि आपण फोन ठेवतो. वर्ष झालं, असंच चाललंय. का, ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. आईच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात तू मला एक प्रश्न विचारलास आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही. त्यानंतर तू मला काहीच विचारलेलं नाहीस. उत्तर माझ्यापाशी त्या दिवशीही होतं. ते आज लिहितोय. मला थोडक्यात लिहिता येत नाही, लांबेल जरा. पण शेवटपर्यंत वाच.

तू शाळेत होतीस तेव्हा मेपलच्या झाडांना टांगलेल्या आपल्या बादल्या गेल्या आणि झाडाझाडाला नळ्या आल्या. लोकांना वाटलं, आता काय, पंप ओढेल आणि पाणी आपोआप भट्टीघरात येईल. पण नळीला सुईएवढं भोक पडलं तरी हवा आत शिरते, व्हॅक्यूम उतरतो, आणि त्या लाईनीवरची सगळी झाडं अर्धंमुर्धं देतात. म्हणजे सगळं काम भोक शोधण्याचं. आम्ही दोघं ते कसं करायचो, ते तू पाहिलेलं आहेस, पण लहान होतीस, कदाचित लक्षात नसेल. आई खाली भट्टीघरात पंपाच्या काट्यासमोर बसायची आणि मी वर लाईनीवर. दोघांच्या हातांत वॉकीटॉकी. मी एकेक नळी चिमटीत दाबायचो आणि विचारायचो, आता? ती म्हणायची, नाही. पुढची नळी. आता? नाही. आता? आणि मग एकदम तिचा आवाज यायचा, चढला! दाबलेल्या नळीतच भोक आहे, असा त्याचा अर्थ. मधे मला वेळ लागला की ती गप्प बसायची नाही. "क्लेरमाँ, झोप लागली का तिकडे? काटा इथं म्हातारा होतोय." माझे कान करवतीच्या आवाजानं केव्हाच खाल्लेले, नळीतली बारीक शिट्टी मला ऐकू यायची नाही. मग मी वॉकीटॉकीच नळीला लावून धरायचो आणि ती खाली बसून ऐकायची. "पुढे हो. ही हवा नाही, हे तुझं नाक वाजतंय." शेजारच्या मोरिसेतच्या वॉकीटॉकीवरही तेच ऐकू जायचं. तो म्हणायचा, तुमच्या दोघांमुळे मला हंगामात रेडिओ लावावा लागत नाही.

तिचं ऑपरेशन झालं त्या शरदात तू आणि आपला जावई पास्काल सेन्सरची खोकी घेऊन आलात. भट्टीघरातल्या गारठ्यात बसायला डॉक्टरांनी तिला मनाई केली होती. आपण तिघांनी प्रत्येक लाईनीच्या टोकाला व्हॅक्यूमचा आकडा टॅबवर पाठवणारी एकेक डबी बसवली आणि आई खाली स्वयंपाकघरात टॅब घेऊन बसली होती. तू नावं भरायला घेतलीस, लाईन एक, लाईन दोन, तर ती म्हणाली, "आकडे कशाला? लॉटरी आहे का?" मग तिनंच नावं ठेवली. जी कधीच त्रास देत नाही ती आजोबा. सगळ्यात आधी गोठते आणि सगळ्यात शेवटी वितळते ती पाद्रीबुवा. ओढ्यापलीकडची, जी दर आठवड्याला गळते, ती इर्मा. तुझी आत्या तेव्हा समोर नव्हती म्हणून बरं. आणि टेकडीच्या माथ्यावरची, मोरिसेतच्या कुंपणाला लागलेली, ती अनिक. तू विचारलंस, मी का म्हणून तिथं? आई म्हणाली, "सगळ्यात लांब तूच आहेस. बघून यायचं तर अर्धा दिवस मोडतो."

तो हिवाळा तिनं खिडकीजवळच्या पलंगावर काढला. पलंग मी स्वयंपाकघरातच आणून ठेवला होता, वरच्या खोलीत एकटं पडून राहायला ती तयार नव्हती. फेब्रुवारीच्या शेवटी पाणी सुरू झालं आणि टॅब तिच्या गोधडीवर आला. सगळं जंगल ती तिथून चालवायची. मी वर असलो की फोन करायची, घरात असलो की ओरडायची. एकदा नवीन नर्स आली होती. तिच्यासमोर आई ओरडली, "क्लेरमाँ, इर्मा पडली! ओढ्यापलीकडे! धाव लवकर!" नर्सनं बॅग उचलली आणि कोट शोधायला लागली. इर्मा तिथंच टेबलाशी बसून गाजरं सोलत होती. ती म्हणाली, "मी कुठं पडले? मी इथं बसलेय." असं तिला ते नाव कळलं. तिनं सुरी खाली ठेवली. "गळक्या नळीला माझं नाव दिलंस, सोलांज?" आई म्हणाली, "मग काय पाकाच्या डब्यावर छापू?" दोघी इतक्या हसल्या की आईला खोकला आला आणि नर्सनं आम्हाला सगळ्यांनाच गप्प केलं. हे तुला तेव्हा सांगायचं राहून गेलं. त्यानंतर ती अशी हसली नाही.

आता आईबद्दल एक गोष्ट लिहितो. तू तिची मुलगी आहेस, तुला ती माहीत असेलच, तरी लिहितो. तिला दुखत असलं की कुणी बघत बसलेलं तिला चालायचं नाही. तुझ्या जन्माच्या वेळी तिनं मला खोलीबाहेर काढलं. तेव्हा नवऱ्यांना आत थांबू द्यायला लागले होते, बाकीचे थांबायचेसुद्धा. दात काढायला गेली तर मला गाडीत बसवून ठेवलं. तिची आई वारली तेव्हा लोकांसमोर तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोक जेवून गेले, तिनं भांडी घासली आणि कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन बसली. मी दाराशी गेलो तर आतून म्हणाली, "अंडी गोळा करतेय." जानेवारीत कसली अंडी? मी परत आलो. तू कॉलेजसाठी घर सोडलंस त्या दिवशी हात हलवून तुला निरोप दिला ना तिनं, अगदी हसत? तुझी गाडी वळणावर गेली तशी ती सरळ खुराड्याकडे चालायला लागली. लग्नाच्या पहिल्या वर्षातच मी शिकलो की अशा वेळी मागे जायचं नाही. थोड्या वेळानं ती आपणहून यायची आणि जेवायला काय करू म्हणून विचारायची.

शेवटच्या आठवड्यात तिचं खाणं बंद झालं. चमच्यानं पाणी द्यायचो, तेही ओठांवरूनच परत यायचं. नर्सनं मला पडवीत बोलावून सांगितलं की आता फार दिवस नाहीत, मुलीला बोलवा. मी तुला फोन करणार होतो. आई म्हणाली, "मीच बोलते तिच्याशी." गुरुवारी संध्याकाळी ती तुझ्याशी बोलली. मी तिथंच होतो, फोन तिच्या कानाला मीच धरला होता. तुझा आवाज मला ऐकू येत नव्हता, तिचा येत होता. तिनं आवाज कुठून आणला ते मला माहीत नाही. आठवडाभर तो तसा नव्हता. ती म्हणाली, उद्या नको, उद्या रस्ते काचेसारखे होणार आहेत. मला बरं वाटतंय. रविवारी या सगळे, छोटीलाही आण. रविवारी बर्फावर गरम पाक ओतून टॉफी करू तिच्यासाठी. तू काहीतरी म्हणालीस, तर ती म्हणाली, "अनिक, मी सांगते ना. रविवारी." फोन ठेवल्यावर तिनं डोळे मिटले. मी विचारलं, रविवारी? तिनं गोधडी हनुवटीपर्यंत ओढली. आणि मी तुला परत फोन केला नाही. बोलणं तुमच्या दोघींचं होतं.

शुक्रवारी थंडी परतली. तीन दिवस पाणी वाहत होतं आणि एकदम उणे पंधरा, वर वारा. पंप मी गुरुवारीच बंद केला होता. अशा वेळी टॅबवर काय दिसतं ते तुला माहीत आहे. सगळ्या लाईनी शून्यावर, वरपासून खालपर्यंत सगळं लाल. त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. नळ्या आतून दगड झालेल्या असतात, त्यांत गळती कसली शोधणार? वितळेपर्यंत लोक लाकडं फोडतात, नाहीतर झोपा काढतात. नर्स सकाळी येऊन गेली. दुपारी इर्मा काही कामासाठी तिच्या घरी गेली. आई आणि मी दोघंच होतो. मी पलंगापाशी खुर्ची ओढून बसलो होतो. तिचा श्वास मधेमधे थांबायचा आणि परत सुरू व्हायचा. ती कण्हत नव्हती, पण ओठ आवळून धरले होते आणि माझ्याकडे बघत नव्हती. मग तिनं गोधडीवर हात फिरवून टॅब शोधला. मी तो तिच्या हातात दिला. तिनं बोट लावलं, स्क्रीन उजळली, सगळी लाल. थोडा वेळ बघून ती म्हणाली, "अनिकची लाईन पडलीय. जाऊन बघ."

मला वाटलं, औषधामुळे बोलतेय. मी म्हणालो, "सोलांज, पंप बंद आहे." तिनं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. डोळे अगदी स्वच्छ होते, अनिक. औषधाचे डोळे मी ओळखायला शिकलो होतो, हे ते नव्हते. ती म्हणाली, "मला माहीत आहे. जाऊन बघ."

इतकी वर्षं तो काटा तिनं बघितला होता. बंद पंपाची गळती शोधायला तिनं कधी शेजारच्या कुत्र्यालाही पाठवलं नसतं. मी उभा राहिलो. इर्माला फोन करतो, ती आली की जातो, असं म्हणालो. तिनं मान हलवली, नको. मग मी जाळीचे जोडे घातले. दाराशी टोपी घालत होतो तेव्हा ती म्हणाली, "मफलर घे." मी घेतला. तेवढंच. त्यानंतर ती काही बोलली असेल तर ते मी ऐकलेलं नाही.

मी वर गेलो. बर्फावर कडक साय धरली होती, जोडे रुतत नव्हते, लवकर चढता येत होतं. मी मुद्दाम हळू चढलो. ओढा ओलांडला. नळ्या तारेसारख्या ताठ, हात लावला तरी हलत नव्हत्या. हंगामात तिथं सतत काही ना काही ऐकू येतं, निदान मला ऐकू आलं नाही तरी हाताला कळतं, नळी थरथरत असते. त्या दिवशी काहीच नव्हतं. माथ्यावर मोरिसेतच्या कुंपणापर्यंत गेलो. डबी जागेवर होती. मी नळी टोकापासून शेवटच्या झाडापर्यंत बघून घेतली, सांधे बघितले, एक सैल होता तो आवळला. बघायला पाठवलं होतं, म्हणून बघितलं. मग तिथल्या आडव्या खोडावरचा बर्फ झाडून बसलो. खाली आपलं छप्पर दिसत होतं आणि चिमणीचा धूर. फोन खिशात होता. मी तो काढला नाही. मी धावत खाली गेलो असतो आणि ती अजून असती, तर मला बघून तिनं पुन्हा ओठ आवळले असते. तेवढं मला कळत होतं. बाकी मी काय विचार करत होतो ते आता आठवत नाही. थंडीनं पाय बधिर झाले तेव्हा उठलो.

घरात शिरलो तेव्हा केटलीतलं पाणी उकळत होतं. आई खिडकीकडे तोंड करून होती. टॅब तिनं गोधडीवर पालथा ठेवला होता. तिचा चेहरा सैल झाला होता. आता आवळून धरायला काही उरलं नव्हतं.

नंतरचं तुला माहीत आहे. चर्चच्या तळघरात अंड्याची सँडविचं आणि कॉफी होती, लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून जात होते. कुणीतरी तुला सांगितलं की क्लेरमाँ लाईनीवर होता बिचारा, काम करत होता. तू बशी घेऊन माझ्यापाशी आलीस. हळूच बोललीस, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "बाबा, माझ्या फोनवरही दिसतं. शुक्रवारी पंप बंद होता. सगळ्या लाईनी शून्यावर होत्या. असल्या थंडीत कुठली गळती शोधायला गेला होतास तू?" मोरिसेत हातातल्या सँडविचकडे बघायला लागला. या गावातल्या कुणालाही तो प्रश्न समजावून सांगावा लागला नसता. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "कॉफी घेशील?" तू बशी टेबलावर ठेवलीस आणि गाडीत जाऊन बसलीस.

जमीन गोठलेली असल्यामुळे आईला दफनभूमीच्या दगडी कोठडीत ठेवलं होतं, ते मे महिन्यापर्यंत. तो सगळा हंगाम मी पाणी आटवत होतो आणि ती तिथं होती. लोक म्हणाले असतील, माणूस आहे की लाकूड. रस्त्यानं जाताना मी गाडी हळू करायचो, थांबायचो नाही. मेमध्ये जमीन मऊ झाल्यावर तिला पुरलं. तू आलीस आणि खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला, पास्कालच्या शेजारी उभी राहिलीस. छोटी माझ्याकडे यायला लागली तर तू तिचा हात धरलास. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण मनात म्हटलं, ठीक आहे, असंच राहू दे.

कारण मी हिशेब असा केला होता. मी तुला सांगितलं की आईनंच मला पाठवलं, पंप बंद आहे हे ठाऊक असून पाठवलं, तर तू हुशार मुलगी आहेस. तू तिथंच थांबली नसतीस. गुरुवारचा फोन तुला आठवला असता. रस्ते शुक्रवारी कोरडे होते, हे तू तेव्हा बघितलं नसशील तर नंतर बघितलं असतंस. मला जसं वर पाठवलं, तसंच तुला लांब ठेवलं, हे तुला कळलं असतं. आईला आपण शेवटी नको होतो, हे मनात घेऊन घरी जाण्यापेक्षा बाप पळपुटा निघाला, हे मनात घेऊन जाणं सोपं, असं मला वाटलं. माझ्यावर रागावलीस तर तुला निदान झोप लागेल. मला सवय होईल. आणि ते आईचं गुपितही होतं, तिनं ते माझ्याशीसुद्धा कधी उघड बोललं नव्हतं. म्हणून मी कॉफी विचारली.

परवा रविवारी प्रार्थनेनंतर इर्मा माझ्याबरोबर घरी आली. तिच्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीत आहे, यावेळी मी देवाचे आभार मानले. ती म्हणाली, तू तिला आठवड्याला फोन करतेस. मला वाटलं होतं माझ्याविरुद्ध बोलत असशील. इर्मा म्हणाली, "तुझ्याबद्दल? तुझं नावसुद्धा काढत नाही रे ती. ती आपली तेच धरून बसलीय, मी शुक्रवारी निघाले असते तर, मी आईचं ऐकलं नसतं तर. पास्काल म्हणतो, रात्री उठून बसते, गाडीची किल्ली शोधते." माझा हिशेब साफ चुकला होता. वर्षभर मला वाटत होतं की तू माझ्यावर रागावली आहेस, आणि तू रागावली होतीस स्वतःवर. मग इर्मानं आणखी एक सांगितलं, जे मलाही माहीत नव्हतं. "त्या दिवशी मी घरी का गेले होते ठाऊक आहे? तिला माझं बीटाचं लोणचं हवं होतं. पाण्याचा घोट उतरत नव्हता घशाखाली आणि म्हणे बीटाचं लोणचं! मी काय खुळी आहे का, क्लेरमाँ? पण तिनं असं बघितलं ना माझ्याकडे. गेले मुकाट्यानं. बरणी मांडीवर घेऊन माझ्या तळघराच्या पायरीवर बसून राहिले, तुझा फोन येईपर्यंत." एवढं बोलून ती रडली, आणि मग मीही. तेव्हा हे लिहितोय ते एवढ्यासाठी की तुला उशीर झालेला नाही, अनिक. इर्मा तळघरात बसली होती, मी टेकडीवर बसलो होतो, आणि तू गातिनोत रविवारची तयारी करत होतीस. तिनं प्रत्येकाला एकेक जागा नेमून दिली आणि आपण तिघंही तिथं थांबलो. तू शुक्रवारी निघाली असतीस, तर दारात तुला बघून तिनं तो हसरा चेहरा पुन्हा चढवला असता, आणि त्याला किती ताकद लागत होती ते मी फोन धरून बसलो होतो तेव्हा पाहिलंय. तिला आपण नको होतो असं मी आता म्हणणार नाही. आपल्यासमोर तिला जाता येत नव्हतं, एवढंच. माझ्यावर अजून राग असेल तर असू दे, त्याची मला सवय झालीय. पण किल्ली शोधू नकोस. आणि जमलं तर एखाद्या रविवारी ये.

आता थांबतो. सकाळी धुतलेली पलंगाची चादर बाहेर दोरीवर आहे, उजेड आहे तोवर आत आणायला हवी. ती पुठ्ठ्यासारखी कडक झाली असेल. स्टोव्हपाशी जरा मऊ होऊ द्यायची, मग मधोमध हनुवटीखाली धरून दोन्ही हात लांब केले की एकट्यालाही घडी घालता येते.

तुझाच,
बाबा